आधी पाय, मग हात

माझ्या डाव्या गुडघ्याचं दुखणं आमच्या अख्ख्या गल्लीला तोंडपाठ आहे. मी ते कुणाला सांगितलेलं नाही, डॉक्टरांनीही सांगितलेलं नाही. शेजारच्या रेवणअप्पांनी ते ढोलावर वाजवलं.

थट्टा नाही करत मी. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळातून रोज सकाळी मी पिशवी घेऊन भाजीला निघते. अप्पा त्यांच्या दाराबाहेरच्या कट्ट्यावर, पिंपाएवढा ढोल पुढ्यात घेऊन बसलेले असतात. मी उजवा पाय टाकला की धुम्. डावा जरा उशिरा आणि जरा जपून पडतो, तर तेवढं थांबून, तक्. धुम्... तक्. धुम्... तक्. मी थांबले की ढोल थांबतो. मी चिडून भराभर चालले की तोही भराभर. कोपऱ्यावरचा किराणावाला मान वर न करता आतून ओरडतो, "या बाई, आज गुडघा जास्त धरलाय वाटतं!" आता सांगा, भर पेठेत बाईमाणसाची ही अशी शोभा? तीही सकाळच्या पारी?

एकदा मी कट्ट्यासमोर उभी राहिले आणि सरळ विचारलं, "अप्पा, जनाची नाही तर मनाची तरी लाज वाटते का हो?"

"रागावू नका बाई," अप्पा म्हणाले. "तुमचा डावा गुडघा लई छान हाय. सरळ चालणाऱ्या माणसाला काय वाजवायचं? त्यात काय बी न्हाय. तुमच्यात खरं अवघड काम हाय."

जन्मभर शाळेत गणित शिकवलं, कुणी कधी शाबासकी दिली नाही. शाबासकी मिळाली ती गुडघ्याला. कर्म माझं!

आता हा माणूस कोण, ते सांगते. म्हणजे मला एवढा संताप का येतो ते तुम्हाला कळेल. रेवणअप्पा मार्केट यार्डातले ज्वारी-तुरीचे आडते. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, अंगात पांढरा सदरा, आणि आवाज असा की यार्डात बोलले तर पोत्यावरची कबुतरं उडायची. घरी कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्हीकडे हुकूम. जेवण कधी, दिवे कधी मालवायचे, टीव्हीवर काय लावायचं, सगळं अप्पा ठरवणार. घरादाराला आपल्या तालावर नाचवणारा माणूस, पण खऱ्या तालाचा त्यांना भयंकर तिटकारा. पुतण्याच्या लग्नात त्यांनी बँडवाल्यांना अर्ध्या वरातीतून परत पाठवलं होतं. "वाजवणं हे काय माणसाचं काम हाय व्हय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

त्यांना एकच मुलगी, विजू. माझी विद्यार्थिनी. रोज उशिरा, चपला फरफटत वर्गात येणारी, आणि आल्या आल्या फळ्यावरचं माझं गणित माझ्याआधी सोडवून मोकळी होणारी. गुणाची पोर. पुढं शिकायला अमेरिकेला गेली आणि तिथं तिनं स्वतःचं लग्न ठरवलं. मुलगा पोर्तो रिको नावाच्या बेटावरचा. जॅझ वाजवणाऱ्यांच्या ताफ्यात हातानं ढोल वाजवायचा. विजू बिचारी एवढा प्रवास करून हे बापाला समोरासमोर सांगायला आली होती. अप्पांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत सामाईक आहे, आणि त्या दिवशी ती भिंत असून नसल्यासारखीच होती.

"ढोल बडवणाऱ्याच्या घरात माझी पोरगी जाणार न्हाय! गेली तर ह्या दारात परत पाय ठेवायचा न्हाय!"

विजू दुसऱ्या दिवशी गेली. लग्न तिकडंच झालं, तिकडंच मुलगी झाली. आईशी ती फोनवर बोलायची. तिचा फोन आला की अप्पा टीव्हीचा आवाज वाढवायचे. मी त्या दिवसापासून अप्पांशी बोलणं सोडलं होतं. काही निरोप असलाच तर सुगलाबाईंमार्फत, म्हणजे त्यांच्या बायकोमार्फत. वाटीभर शेंगा चटणी पाठवायची तरी मी सुगलाबाईंच्या हातात द्यायची. या माणसाला क्षमा नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

आणि असा हा माणूस आडत पुतण्याच्या गळ्यात घालून घरी बसला, आणि एके दिवशी ढोल घेऊन आला! तोच ढोल, त्या बेटावर वाजवतात तसला! माझ्या डोक्याची शीरच तडकली. त्या पोरीचं माहेर ज्यापायी तोडलं तेच आता हौस म्हणून वाजवायचं? याला काय म्हणावं?

शोध घेतला तेव्हा कळलं की यातले आरोपी आमच्याच घरात आहेत. आमचे हे बँकेतून निवृत्त झाल्यापासून मोबाईलमधले जाणकार समजले जातात. अप्पांनी यांना गुपचूप गाठलं, आणि यांनी त्यांना त्या बेटावरचे एक म्हातारे मास्तर शोधून दिले. जन्मभर जॅझवाल्यांच्या साथीला ढोल वाजवलेले. इथं संध्याकाळ झाली की तिथं सकाळ होते. मास्तर तिकडं बनियनवर कॉफी पीत बसलेले, अप्पा इकडं बनियनवर चहा पीत बसलेले. मास्तरांचं इंग्रजी अप्पांना कळत नाही, अप्पांचं मास्तरांना कळत नाही. "मास्तर, धिस हँड ओके?" अप्पा ओरडायचे. मास्तर हसायचे आणि तेच परत वाजवून दाखवायचे. या प्रकाराला तिकडं 'बोंबा' म्हणतात. मी काही वेगळं म्हणत नव्हते.

बरं, शिकायचं तर घरात बसून शिका. पण नाही! तिथं सुगलाबाई आडव्या आल्या. अप्पांनी सुताराकडून लाकडी पट्ट्यांचं पिंप करून घेतलं आणि हलगी मढवणाऱ्याकडून त्यावर शेळीचं कातडं चढवून आणलं. सुगलाबाईंच्या घरात अंड्याचा केक येत नाही, तिथं शेळीचं कातडं!

"अय्यो, देवासमोर हे चामडं?" त्यांनी उंबऱ्यावरच हात आडवा धरला. "हे आत आलं तर मी बाहेर."

अप्पांनी हलगीची, चौघड्याची, देवळातल्या नगाऱ्याची उदाहरणं दिली. "ते देवळात. माझं स्वयंपाकघर देऊळ न्हाय," सुगलाबाई म्हणाल्या. प्लॅस्टिकचं बसवा म्हणाल्या, तर मास्तरांनी कातड्यावाचून शिकवणार नाही म्हणून सांगितलं. शेवटी ढोल कायमचा कट्ट्यावर राहिला. वर सोलापुरी चादर, खाली पोतं. म्हणजे सुगलाबाईंचं सोवळं राहिलं आणि शिक्षा झाली गल्लीला. कट्टा नेमका आमच्या भिंतीला लागून, आणि भिंतीवर माझ्या लोणच्याच्या बरण्यांची फळी. अप्पांनी हात टाकला की बरण्या एकमेकींना टेकून किणकिण करायच्या. लिंबाची बरणी तर रोज बोटभर पुढं यायची आणि मी रोज तिला मागं ढकलायची.

भांडण्यापुरतं बोलणं सुरू झालंच होतं, एक दिवस उरलासुरला निश्चयही सुटला आणि मी विचारलंच, "अप्पा, हे जॅझ जॅझ म्हणतात ते काय असतं?"

अप्पा खुलले. "सोपं हाय की बाई. पाव्हणे बैठकीत मोठमोठ्यानं गप्पा मारत असतेत, आणि घरातले आत भाकऱ्या थापत असतेत. ते तुतारीवाले, पियानोवाले पाव्हणे. आणि हे ढोल म्हणजे भाकरीचा आवाज. तो थांबला की पाव्हण्यांच्या गप्पा बी थांबतेत."

"आणि ते बेट कुठं आलं?"

"समुद्रात. आपल्या जिल्ह्यात आख्खं बसतंय, वर जागा उरती. लोकं तिथली आपल्यासारखीच, लई बोलत्यात."

पण खरा घोळ पुढंच होता. त्या बेटावरचा नियम असा, की ढोल वाजवणाऱ्यानं स्वतःच्या मनानं वाजवायचंच नाही. एक-दोन ढोल संथ ठेका धरून बसतात. मुख्य ढोलवाला मात्र नाचणाऱ्या बाईकडे बघत बसतो. ती पाय आपटेल तेव्हा ह्यानं थाप द्यायची. ती घागऱ्याला झटका देईल तेव्हा ह्यानं तसा बोल काढायचा. ती थांबली की थांबायचं. आपल्याकडे ढोलाच्या मागं माणूस नाचतो, तिकडं माणसाच्या मागं ढोल. "आधी पाय, मग हात!" हे अप्पांचं नवं वाक्य झालं. जुनं वाक्य काय होतं ते त्यांना आठवतही नसावं.

आता शुक्रवार पेठेत त्यांच्यासमोर कोण नाचणार? सुगलाबाई? मग अप्पांनी येणारा-जाणारा धरला. दूधवाला आला की त्याच्या किटल्यांसकट त्याची चाल वाजवायची. शाळेत जाणाऱ्या पोरी उड्या मारत गेल्या की त्यांच्या उड्या. गल्लीतलं लंगडं कुत्रं तीन पायांवर पळतं, ते अप्पांना कधीच नीट जमलं नाही, आणि त्याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं. आणि मी, अर्थातच. संथ ठेका धरायला माणूस हवा म्हणून आमचे हे उलटा पत्र्याचा डबा घेऊन शेजारी जाऊन बसू लागले. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! स्वतःच्या बायकोचं लंगडणं वाजतंय आणि नवरा खाली ठेका धरतोय, असं दृश्य सोलापुरात याआधी कुणी पाहिलं नसेल.

त्यातली एक चाल मात्र मला कधी ओळखू आली नाही. दुपारी गल्ली सुनी असायची, मी जरा आडवी व्हायची, आणि भिंतीपलीकडून यायचं, धुम्, धुम्, आणि मग तळहात कातड्यावरून ओढल्यासारखं, घस्स. धुम्, धुम्, घस्स. पुढं काहीच नाही. परत पहिल्यापासून. कधी घस्स लांबायचं, कधी आखूड व्हायचं, जणू माप जुळत नव्हतं. झोपेचं खोबरं. मी बाहेर येऊन बघायची, तर रस्त्यावर चिटपाखरू नाही.

"ही कुणाची चाल हो?" मी एकदा तावातावानं विचारलं. "आपल्या गल्लीत असं कुणी चालत नाही!"

"कुणाची न्हाय," अप्पा ढोलावर चादर टाकत म्हणाले. "चुकून हातात येती."

गणपतीच्या आधी त्यांनी लेझीमवाल्यांशी पंगा घेतला. बोळाच्या तोंडाशी मंडळाच्या पोरांचा सराव चालतो. हलगीवर सगळ्यांचा एकच पाय, एकच हात, ही आमच्या सोलापूरची शान. एक पोरगा सारखा चुकायचा, तर शिकवणाऱ्यानं त्याला बाहेर काढलं. अप्पा उठून मध्ये गेले.

"त्याला काढू नका! तोच खरा हाय! हलगी त्याच्या मागं लावा!"

"अप्पा, आमी चाळीस जण हाय बे!" शिकवणारा कळवळला.

"मग चाळीस हलग्या लावा की!"

असा दंगा झाला की मंडळाच्या ओट्यावर बैठक भरली. बैठकीत सगळ्यात जास्त मीच बोलले. गुडघा, बरण्या, दुपारची झोप, कुत्र्याचा छळ, सगळं मुद्देसूद मांडलं. ठरलं असं, की दुपारी ढोल बंद, आणि बाईंच्या लेखी परवानगीशिवाय बाईंना वाजवायचं नाही. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाल्याबरोबर, धुम्... तक्. पालथ्या घड्यावर पाणी!

दिवाळीच्या तोंडावर सुगलाबाई आमच्याकडे आल्या. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता, आणि डोळे रडून लाल. "बाई, विजू येणार हाय. जावई, लेक, सगळे. मला बघायला म्हणून येणार हाय." मग जरा आवाज उतरला. "पण अप्पांशी बोलणार न्हाय म्हणाली. ‘ते बोलले तरी मी बोलणार न्हाय. माझ्या पोरीला जवळ घेतलेलं बी चालायचं न्हाय.’ असं सांगूनच येणार हाय."

"शाबास!" मी म्हणाले. मनातलं बोलले. आणि तशीच उठून कट्ट्यावर गेले, कारण आता सगळा उलगडा झाला होता. म्हणजे हे ढोल प्रकरण या दिवसासाठी होतं तर!

"अप्पा, ढोल वाजवून माफी मिळते असं कुणी सांगितलं तुम्हाला?" मी म्हणाले. "लेकीचं माहेर तोडलंत, आणि आता जावयाला खूश करायला तमाशा मांडलाय. सरळ तोंडानं म्हणा की, विजू, चुकलं माझं. तोंड दिलंय ना देवानं?"

अप्पा नखानं ढोलाची दोरी टोकरत होते. मग म्हणाले, "तोंडानंच तर बिघडवलं, बाई. हे तोंड जन्मभर हुकूम सोडत आलं. माफी मागायला उघडलं तरी त्यातनं हुकूमच भाईर पडंल. त्याचा भरवसा न्हाय मला."

मी आणखीच चिडून घरी आले.

विजू आली. अंगानं भरली होती, केस आखूड केले होते, पण मला बघून पहिल्यासारखीच गळ्यात पडली. जावई उंच, सावळा, हसरा. रामोन त्याचं नाव. सुगलाबाईंनी त्याचं पहिल्याच संध्याकाळी रामण्णा करून टाकलं. नात लूसिया, तिची लुसव्वा झाली. चार-पाच वर्षांची, कुरळ्या केसांची, आणि रागीट! मी स्वतःला रागीट समजत होते, पण त्या पोरीपुढं मी म्हणजे गोगलगाय.

आणि अप्पा? अप्पांनी ढोलावर पोतं टाकलं, पोत्यावर चादर टाकली, आणि त्याच्याकडे पाठ करून शेजारी बसले. विजू आत असेल तर हे बाहेर, ती बाहेर आली तर हे गल्लीच्या टोकाला. एक दिवस गेला, दुसरा गेला. मी भाजीला निघाले, मुद्दाम सावकाश, तर कट्ट्यावरून आवाज नाही. माझं पित्त खवळलं. इतके महिने आमचे कान फोडले, आणि आता ज्यांच्यासाठी फोडले ते आलेत तर मौनव्रत?

"वाजवा की आता!" मी दातओठ खात पुटपुटले.

"जावई खरा वाजवणारा हाय, बाई," अप्पा खाली बघत म्हणाले. "त्याच्यासमोर मी म्हणजे काय? हसतील. ज्याला बडव्या म्हणालो, त्याच्यासमोर बडवू?"

पाडव्याच्या सकाळी सुगलाबाईंनी नातीला खणाचं परकर-पोलकं घातलं. पोर टोचतंय म्हणून ओरडत बाहेर पळाली. मागोमाग विजू दारापर्यंत आली. "लूसिया, कम हिअर!" लूसिया बोळाच्या मधोमध उभी राहिली, हाताची घडी घातली, "नो!" म्हणाली आणि पाय असा आपटला की दारापुढची पणती हलली.

धुप्.

चादरीखालून आला तो आवाज. अप्पांचा हात गेला होता. त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं, शपथेवर सांगते. सवयच तशी लागली होती.

लूसियानं गर्रकन वळून बघितलं. हे कोण माझी नक्कल करतंय, असा चेहरा. डोळे बारीक करून तिनं पुन्हा पाय आपटला, या वेळी दोनदा. अप्पांनी चादर ओढली, पोतं ओढलं. धुम् धुम्. पोरीनं एक पाय उचलला आणि तसाच हवेत धरून ठेवला. अप्पांचा हातही हवेत. ती फसवायला बघत होती. तिनं हळूच, अगदी बोटावर पाय टेकला. अप्पांनी एका बोटानं, तिक्.

आणि मग त्या पोरीचा चेहरा बदलला. हा खेळ तिला ठाऊक होता हो! बापाबरोबर घरी खेळत असणार. तिनं परकराची दोन टोकं दोन्ही हातांत धरली, पाठ ताठ केली, आणि दिला एक झटका. अप्पांनी तसाच फर्रकन बोल काढला. उजवीकडे झटका, डावीकडे झटका, गिरकी, थांबा, पाय. अप्पा घामाघूम. इतका वेळ टोचणारा खण आता कुठं टोचत नव्हता. रामोन चहाचा पेला घेऊन दारात आला होता. त्यानं पेला तिथंच उंबऱ्यावर ठेवला, आवाज ऐकून डबा घेऊन आलेल्या आमच्या ह्यांच्याकडे बघून हात पुढं केला, ह्यांनी निमूटपणे डबा त्याच्या स्वाधीन केला, आणि जावई सासऱ्याच्या शेजारी खाली बसून ठेका धरू लागला. सासऱ्याच्या हातांकडे बघताना तो एकदाही हसला नाही. एकदा फक्त मान डोलावली. तेवढ्यानं अप्पा बाहीला डोळे पुसायला गेले, पण पोरगी थांबत नव्हती म्हणून अप्पांनाही थांबता येईना.

गल्ली गोळा झाली. शेवटी लूसिया दमली आणि पळत जाऊन आईचा हात ओढू लागली. "मम्मा! यू!"

विजूनं मान हलवली. नाही म्हणाली. रामोनचा ठेका चालूच होता. अप्पांनी दोन्ही हात ढोलावर वर धरले होते, टेकवले नव्हते. ते विजूकडे बघत होते. एरवी हा माणूस म्हणाला असता, "ये इकडं!" सगळ्या जन्मात हेच म्हणत आला होता. आज एक अक्षर नाही. हात वर धरून नुसती वाट बघत होता. आधी पाय, मग हात. पाय कुणाचा, आणि ज्या दारात परत ठेवायचा नाही असं बजावलं होतं ते दार कुठलं, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

विजूनं पायात आईच्या जुन्या चपला सरकवल्या. पायरी उतरली.

धुम्.

दुसरं पाऊल. धुम्.

तिसरं पाऊल टाकताना डावी चप्पल जमिनीवरून ओढली गेली, आणि अप्पांचा तळहात कातड्यावरून सरकला. घस्स. जेवढी चप्पल, तेवढाच हात, ना कमी ना जास्त.

चपला फरफटत वर्गात येणारी पोर! इतक्या दुपारी माझी झोप मोडून हा माणूस कुणाची चाल घोकत होता, ते मला आत्ता कळत होतं. आम्ही सगळे त्याच्या सरावापुरते होतो. समोर कुणी नसताना तो हीच एक चाल काढत बसायचा, आणि माप जुळत नाही म्हणून पहिल्यापासून सुरू करायचा.

विजू थांबली. आपल्या पायाकडे बघितलं, मग ढोलाकडे. ओठ गच्च मिटलेले. मला वाटलं, ही आता वळून आत जाणार.

"अप्पा," ती म्हणाली, "अजून इतका घासतो का हो माझा पाय?"

अप्पांनी तोंड उघडलं. मग मिटलं. आणि तळहात हळूच ढोलावरून ओढला. घस्स.

विजू कट्ट्यावर त्यांच्या शेजारी बसली आणि मोठ्यानं रडली. लूसियाला हे मुळीच पसंत पडलं नाही. तिनं समोर उभं राहून पाय आपटला, तेव्हा सासऱ्या-जावयांना पुन्हा वाजवणं भाग पडलं. ते अंधार पडेपर्यंत चाललं. माझी लिंबाच्या लोणच्याची बरणी त्या दिवशी बोटबोट करत फळीच्या कडेला आली, आणि खाली पडून फुटली. वर्षभराचं लोणचं गेलं. मी काचा गोळा केल्या, पिशवी घेतली, आणि काही आणायचं नसताना कट्ट्यासमोरून बोळात एक चक्कर मारून आले, सावकाश, गुडघ्यासकट.